कंपनी नंतर विचारा, आधी मांडी बघा

प्रश्न थोडक्यात असा. आई ६७ वर्षांच्या, कराडजवळच्या गावी राहतात. वजन ७८ किलो, जुना मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. दोन्ही गुडघे दुखतात, पाय कमानीसारखे बाहेर वाकलेत. गावातल्या शिबिरात एक्स-रे बघून ‘ग्रेड ४ आहे, दोन्ही गुडघे एकदमच बदलून टाका’ असं सांगितलं, आणि महिन्याच्या आत नाव नोंदवलं तर रोबोटिक ऑपरेशनवर सवलतही देऊ केली. मुलगा पुण्यात नोकरीला. तो विचारतो, ऑपरेशन करावं का, कुठल्या कंपनीचा गुडघा चांगला, आणि रोबोटसाठी जास्तीचे पैसे घालावेत का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आईंना ऑपरेशन बहुधा लागेल. पण ते याच महिन्यात व्हायला हवं असं काही नाही. दोन्ही गुडघे एका बैठकीत करायला मी तरी तयार होणार नाही. कंपनी आणि रोबोट हे प्रश्न यादीत अगदी खाली ठेवा, त्यांच्यावर आत्ता झोप घालवू नका.

आता ग्रेडबद्दल. ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये सुचवली. शून्य ते चार. चार म्हणजे दोन हाडांमधली फट जवळजवळ बुजलेली, कडांना हाडाचे कोंब आलेले. ही श्रेणी एक्स-रेची आहे, दुखण्याची नाही. ग्रेड ४ चा फोटो पिशवीत घेऊन जेजुरीचा गड चढणाऱ्या बाया मी बघितल्यात, आणि ग्रेड २ वर रडकुंडीला आलेलेही. शिवाय शिबिरात बऱ्याचदा झोपवून फोटो काढतात. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, पायांवर वजन देऊन काढायचा असतो. झोपल्यावर मोकळी दिसणारी फट उभं राहिल्यावर मिटलेली दिसते. तुमच्याकडे कुठला आहे ते आधी बघा.

माझ्याकडे असा पेशंट आला की फोटो मी शेवटी बघतो. आधी दारापासून खुर्चीपर्यंत कसं चालतात ते बघतो. बसताना दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरावे लागतात का, उठताना पहिली दोन पावलं अडखळतात का. मग विचारतो: रात्री कुशीवर वळताना जाग येते का? बाजारात गेल्यावर किती वेळाने बसायला जागा शोधता? लग्नकार्याला जाणं कधीपासून बंद झालं? आणि पेनकिलर आठवड्यातून किती? या शेवटच्या प्रश्नाला घरचे ‘कधीतरी घेते’ म्हणतात आणि बाई पदराआडून ‘रोज’ म्हणते. गावातल्या मेडिकलवरून मागून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मधुमेह असलेल्या माणसाच्या किडनीला फार महागात पडतात, अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयालाही त्या चांगल्या नाहीत. आईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, गेल्या सहा महिन्यांत केली नसेल तर ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवून आधी ते तपासा. ऑपरेशन लांबवण्याचा खरा तोटा मला बहुतेक वेळा इथे दिसतो. गुडघा थांबायला तयार असतो, पण थांबण्यासाठी रोज गिळलेल्या गोळ्या किडनी झेलत असते.

एवढं बघून झालं की खुबा आणि कंबर तपासतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं ही नेहमीची गोष्ट आहे. खुबा खराब असताना गुडघा बदलला तर दुखणं जागच्या जागी राहतं.

संधिवात म्हणजे काय झालंय, हेही नीट समजून घ्या. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’ असं लोक म्हणतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कुर्चेचा थर असतो, तो आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूने आधी जातो. आपल्याकडे हे फार दिसतं. आतली बाजू खचली की पाय बाहेर वाकतो, वाकला की भार आणखी आतल्या बाजूवर येतो, आणि झीज आणखी वाढते. आईंचे पाय कमानीसारखे झालेत ते यामुळे. या टप्प्यावर गुडघ्यात कसलंही इंजेक्शन देऊन गेलेली कुर्चा परत येत नाही. दुर्बिणीने ‘आतून साफ करून घेण्याचा’ सल्ला मिळाला तर सरळ नाही म्हणा. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीने साफसफाई करणं आणि नुसती कातडीवर छेद देऊन टाके घालणं यांत फरक पडत नाही, हे अमेरिकेतल्या चाचणीने २००२ मध्येच दाखवलंय.

ऑपरेशनवाचून काही होतंच नाही, असंही नाही. डेन्मार्कमध्ये १०० पेशंटची एक चाचणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ऑपरेशन आणि त्यानंतर बारा आठवड्यांचा व्यायाम, आहार, वजनाचा कार्यक्रम. उरलेल्या निम्म्यांना नुसता कार्यक्रम. वर्षाने बघितलं तर ऑपरेशनवाल्यांना साधारण दुप्पट आराम होता. म्हणजे ऑपरेशन जिंकलं, यात शंका नाही. पण ज्यांना नुसता कार्यक्रम दिला त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही, आणि गंभीर गुंतागुंत ऑपरेशनच्या गटात जास्त झाली. मी हे दोन्ही भाग पेशंटला सांगतो. वजनाचंही तसंच आहे. एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. आईंनी पाच किलो कमी केले तर ऑपरेशन टळेल असं मी म्हणत नाही, पण ते केलं तर ऑपरेशन सोपं जाईल आणि दुसरा गुडघा कदाचित थोडा पुढे ढकलता येईल.

ऑपरेशनमध्ये ‘गुडघा कापून काढतात’ अशी भीती गावाकडे असते. तसं काही नसतं. मांडीच्या हाडाच्या टोकावरून आठ-दहा मिलिमीटरचा थर तासतात आणि त्यावर धातूचं आवरण बसवतात, दाताला कॅप बसवतात तसं. नडगीच्या हाडावर धातूची तबकडी, आणि दोन्हीच्या मधे घट्ट प्लास्टिकचा तुकडा, तो कुर्चेचं काम करतो. हे सगळं हाडाला बहुधा बोन सिमेंटने पक्कं करतात. धातू, प्लास्टिक आणि सिमेंट ही जोडणी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खुब्यासाठी रुळवली, आणि आजच्या गुडघ्याचा मूळ आराखडा १९७० च्या दशकातला आहे. त्यामुळे ‘नवीन तंत्रज्ञान’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं जुन्याच गोष्टीवरचं बारीक काम आहे. पाय सरळ करणं आणि आतल्या-बाहेरच्या लिगामेंटचा, म्हणजे हाडं जोडून धरणाऱ्या पट्ट्यांचा, ताण सारखा करणं, हे सर्जनचं खरं कसब. हाड तासणं त्या मानाने सोपं.

दोन्ही गुडघे एकदम करण्यात फायदे आहेत, ते नाकारत नाही. भूल एकदा, रजा एकदा, खर्च थोडा कमी. पन्नाशीच्या, बाकी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचे मीही करतो. पण एकदम केल्याने हृदयावर ताण, फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका आणि रक्त द्यावं लागण्याची शक्यता हे तिन्ही वाढतं. आईंना मधुमेह आहे आणि हृदयात स्टेंट आहे. त्यांच्यासाठी हा सौदा मला पटत नाही. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचे गुडघे बदलले, सर्जन डॉ. चित्तरंजन राणावत. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. देशाच्या पंतप्रधानांना वेळेची टंचाई काही कमी नसणार, तरीही मधे आठ महिने जाऊ दिले. आईंचा जास्त दुखणारा गुडघा आधी करा. दुसरा साधारण तीन महिन्यांनी, आणि तोही तेव्हा त्यांना हवा असेल तर. एक पाय सरळ झाल्यावर दुसऱ्याचं म्हणणं बदलतं, कधी कमी होतं, कधी लगेच करा म्हणतात. ते आधी ठरवता येत नाही.

आता तयारी. माझ्या मते ऑपरेशनचा निकाल इथे ठरतो, आणि शिबिरात नेमकं याबद्दल कोणी बोलत नाही.

साखर आधी. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या वर असेल तर मी तारीख देत नाही. वाढलेल्या साखरेवर जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग बसतो. बसवलेल्या सांध्यात जंतू गेले तर ते धातूवर चिकट थर करून राहतात, औषध तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि कधीकधी सगळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. हे शंभरात एखाद-दोघांनाच होतं, पण ज्याला होतं त्याचं वर्ष जातं. म्हणून दात दाखवून घ्या, किडका किंवा हलणारा दात असेल तर त्याचा निकाल आधी लावा. पायाच्या भेगा, बोटांमधलं चिघळणं, कुरूप, मांसात रुतलेलं नख, लघवीची जळजळ, सगळं आधी. हिमोग्लोबिन कमी असेल तर महिनाभर आधी लोहाची औषधं. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते सर्जनला सांगा आणि तेवढं थांबा, नाहीतर संसर्गाचा धोका वाढतो. शिबिरातच एखादं टोचलं नाही ना, ते आईंना विचारा. लोकांना ते ‘तेलाचं इंजेक्शन’ म्हणून सांगितलेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुठली थांबवायची, कुठली चालू ठेवायची, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. तोंडी नको.

आणि मांडी. आईंना पलंगावर पाय लांब करून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबायला सांगा. तेव्हा वाटीच्या वर, आतल्या बाजूला, हात ठेवून बघा. तिथला स्नायू घट्ट होऊन वर यायला हवा, आणि टाच पलंगावरून थोडी सुटायला हवी. वर्षानुवर्षं दुखण्यामुळे लंगडत चालणाऱ्या बाईचा तो स्नायू झोपलेला असतो, दाबलं तरी हाताला मऊच लागतो. हाच व्यायाम आहे: दाबायचं, पाच मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीन वेळा दहा-दहा. त्याच्या जोडीला गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणं. सहा ते आठ आठवडे हे केलेली बाई ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकरवर वेगळी चालते. न केलेली बाई आठ-दहा दिवस ‘पायात जीवच नाही’ म्हणत राहते. कितीही महाग सांधा बसवा, त्याला उचलणारा स्नायू तुमच्या आईंचाच असणार आहे.

कंपनीचं एवढंच सांगतो. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा सांधा चालेल, ज्याची सर्जनच्या हाताला सवय आहे तो. राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, वर जीएसटी, अशी ठरली. त्यानंतर आकडे थोडेफार हललेत, पण मर्यादा आहे हे लक्षात ठेवा आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. पॅकेजमध्ये ती खोलीभाड्यात मिसळलेली असते आणि मग काहीच कळत नाही. सोनेरी रंगाचा गुडघा दाखवून ‘तीस वर्षांची खात्री’ देणारेही भेटतील. त्या रंगाचा सोन्याशी संबंध नाही, तो वरचा एक थर आहे. धातूची ॲलर्जी असल्याची खरी शंका असेल तर तो विचारात घ्यावा. बाकीच्यांनी त्यासाठी कर्ज काढू नये. साधे सांधेही चांगले टिकतात: बदललेल्या सांध्यांच्या परदेशातल्या नोंदवह्यांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात शंभरातले सुमारे ८२ पूर्ण गुडघे पंचवीस वर्षांनंतरही जागेवर होते. आईंच्या वयाला बहुतेक करून एकदाच्या ऑपरेशनवर भागेल.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. तो कापण्याचा कोन आणि जाडी अचूक राखायला मदत करतो, ते काम तो चांगलं करतो. पण त्यामुळे पेशंट दहा वर्षांनी जास्त चांगला चालतो, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. सर्जन चांगला असेल आणि रोबोटचे पैसे वेगळे पडत नसतील तर असू द्या. सर्जनला त्याऐवजी विचारा, तुम्ही वर्षाला किती गुडघे करता, आणि संसर्ग झाला तर पुढचं इथेच करता की दुसरीकडे पाठवता. या प्रश्नावर जो रागावेल त्याच्याकडे मी तरी माझ्या आईला नेणार नाही.

ऑपरेशननंतरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते तुम्हाला घरी करायचंय. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. तीन-चार दिवसांत घरी. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. पहिल्या रात्री बधिरता उतरली की दुखतं, तेव्हा गोळ्या वेळेवर द्या, ‘सहन होईल तेवढं होऊ दे’ म्हणून थांबू नका. न दुखता व्यायाम होतो, दुखताना होत नाही. घरच्यांकडून मायेपोटी होणारी एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, ती म्हणजे गुडघ्याखाली उशी. उशीने बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा कायमचं लंगडायला लावतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहू द्या. लोक वाकण्याचे अंश मोजत बसतात, मी आधी सरळ होतो का ते बघतो. दोन आठवड्यांत नव्वद अंशांच्या आसपास वाकला तर ठीक चाललंय. सहा-आठ आठवड्यांनी तिथेच अडकला असेल तर सर्जनला भेटा, तेव्हा भूल देऊन वाकवून देता येतं, फार उशीर केला तर तेही जमत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक बायका म्हणतात, ‘उगाच केलं’. रात्री झोप लागत नाही, गुडघा गरम लागतो, सूज जात नाही. हे बऱ्याच जणींना होतं. गरमपणा काही महिने राहतो. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, तो आयुष्यभर थोडा राहू शकतो. चालताना धातू-प्लास्टिकचा टक-टक आवाजही येईल.

या दोन गोष्टींसाठी मात्र फोन उचला. पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक दम लागला, तर गुठळीची शंका, त्याच दिवशी रुग्णालय. दुसरं, जखमेतून पाच-सात दिवसांनंतरही पाणी येत असेल किंवा ती पुन्हा लाल झाली असेल, तर गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने जंतू मरत नाहीत, दबतात, आणि नंतर तपासणीत सापडतही नाहीत. ज्याने ऑपरेशन केलंय त्यालाच जखम दाखवा, फोटो पाठवून नव्हे, समोर नेऊन. जखम पूर्ण भरेपर्यंत तेल नाही, मालीश नाही. मालीशवाली मावशी कितीही हक्काची असली तरी नाही.

राहायचं कुठे, हे आत्ता ठरवा. पुण्यात तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर आई गावीच बऱ्या. फिजिओथेरपिस्ट कराडहून आठवड्यातून दोन-तीनदा येईल अशी सोय लावा. पण गावी संडास परसात असेल, भारतीय बैठकीचा असेल, तर ऑपरेशनआधी कमोड बसवून घ्या, निदान कमोडची खुर्ची आणा. भिंतीला धरायला दांडा. पलंग असा की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. उंबऱ्याला अडखळणं, ओल्या मोरीत घसरणं, नव्या सांध्याजवळचं हाड मोडायला एवढं पुरतं.

खाली बसण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण आई विचारतील. बऱ्याच जणींचा गुडघा ११० ते १२५ अंश वाकतो. मांडी घालणं काहींना जमतं, मी आग्रह करत नाही. उकिडवं बसून भांगलण, विळीवर बसून भाजी, जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठणं, हे विसरावं लागेल. गुडघे टेकून नमस्कार केला तर दुखेल. देवपूजेला उंच चौरंग आणि समोर खुर्ची करून द्या. ज्यांना हे आधी सांगितलेलं नसतं त्या चांगल्या झालेल्या ऑपरेशनवरही नाराज राहतात. नाहीतरी साधारण पाचातला एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो. झीज मुळात थोडी असताना घाईने केलेले, कंबर-खुबा-गुडघे सगळंच दुखणारे, आणि ‘पूर्वीसारखं सगळं जमेल’ म्हणून आलेले लोक त्यात जास्त असतात. तुमच्या पत्रात आईंचं वजन आहे, साखर आहे, ग्रेड आहे. त्यांना स्वतःला काय करता येत नाहीये आणि काय करायचंय, हे कुठेच नाही. ते त्यांनाच विचारा, मी समोर असतो तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

तर आता असं करा. शिबिरवाल्यांना नाव नोंदवू नका. सवलतीची मुदत हा कुठल्याही गुडघ्याचा आजार नाही. या आठवड्यात साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन तपासा, उभ्याचा एक्स-रे नसेल तर काढा, आणि टॉवेलचा व्यायाम आजच सुरू करा. दोन-तीन महिन्यांनी हे सगळं आणि हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घेऊन दोन वेगवेगळ्या सर्जनना दाखवा. पैशाचा प्रश्न असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडे, आधी जा, कुठल्या योजनेत हे बसतं आणि कुठली कागदपत्रं लागतात ते लिहून घ्या, आणि तारीख ठरण्याआधी मंजुरी आली का ते बघा. ऑपरेशन झालं की सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का ते तपासा आणि त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वीस वर्षांनी कुणाला तो गुडघा पुन्हा उघडावा लागला तर आत नेमकं काय बसवलंय हे त्या स्टिकरवरूनच कळतं.